सात तारखेला त्याच्यासोबत कोण?

आमचा कट्टा नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकातून आत वळलं की लागतो. चहाची टपरी, शेजारी बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पायरी आणि समोर ताईंचं मेडिकल. बसणारे ठरलेले. अंबडला फर्स्ट शिफ्ट करून आलेला मी, रिक्षा लावून येणारे नाना, हार्डवेअरवाला शेठ आणि निवृत्त झालेले मास्तर. ताई दुकान आवरता आवरता येऊन उभ्या राहतात आणि ‘पाचच मिनिटं’ म्हणत अर्धा तास थांबतात.

परवाचा विषय मी काढला, कारण दुपारी वहिनींचा फोन आला होता.

वहिनी म्हणजे आमच्या मित्राच्या घरच्या. मित्राचं नाव इथं लिहीत नाही, कट्ट्यावर त्याला फिटर म्हणतात तेच चालेल. डिसेंबरात तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला आणि जानेवारी संपता संपता घरी आला. तीन आठवडे झाले, थेंबाला शिवलेला नाही. आणि वहिनी मला विचारत होत्या, “भाऊजी, भाजीत कालवायची पावडर मिळते म्हणे. ह्यांना न कळता देता येते. तुमच्या ओळखीत कोणी आणलीय का?”

मी म्हटलं, “वहिनी, पण आता तर तो पीत नाही ना?”

“नाही पीत. पण फाटकाची कडी वाजली की माझ्या पोटात गोळा येतो. ते पाणी प्यायला उठले तरी मी जागी होते. पावडर पोटात आहे म्हटलं की मला तरी झोप लागेल.”

मी हे जसंच्या तसं कट्ट्यावर सांगितलं. शेठ लगेच म्हणाला, “मग दे ना भो आणून. त्यात चर्चा कसली? त्या बाईनं किती सोसलंय.”

ताई शटर अर्धं ओढून रस्ता ओलांडून आल्या. भिंतींवर रंगवलेल्या त्या जाहिरातींवर त्यांचा जुना राग आहे. “त्या पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं,” त्या म्हणाल्या. “नुसता पालापाचोळा असेल तर पैसे गेले. आणि खरं औषध असेल तर माणूस जाईल. डायसल्फिराम नावाची गोळी असते. दारू पोटात गेली की लिव्हर आधी तिचं एक विषारी रसायन करतं आणि मग त्या विषाचं साधं, बिनत्रासाचं काहीतरी करतं. ही गोळी दुसरी पायरी अडवते. विष साठतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. ज्याला माहीत आहे तो त्या भीतीनं पीत नाही, म्हणून गोळी काम करते. ज्याला माहीतच नाही तो क्वार्टर मारणार आणि रस्त्यात कोसळणार. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून ती डॉक्टर तपासून देतात आणि पेशंटला सांगूनच देतात.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्हा कारखान्यातल्या लोकांना ठाऊक असायला हवं. रबर पक्कं करायला ह्याच जातीची रसायनं लागतात. १९३७ साली अमेरिकेत एका कारखान्याच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, की त्यांच्यात काम करणाऱ्यांना दारू सोसत नाही. औषध म्हणून १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये पुढं आलं.”

हे मला खरंच माहीत नव्हतं. पण मला जास्त लागलं ते ‘सांगूनच देतात’ हे. तीन आठवडे न पिता राहिलेल्या माणसाला एक दिवस कळलं, की आपल्या ताटात बायकोनं काहीतरी कालवलं होतं, तर तो त्या घरात जेवेल कसा?

मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. ते दरवर्षी त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत पंढरपूरला चालत जातात. “गोळ्या, पावडरी, केंद्रं, कशाला हवं हे सगळं? गळ्यात माळ घाला. माझ्या दिंडीत चार जण असे आहेत, की माळ घातली आणि वीस वर्षांत पुन्हा हात लावला नाही. निश्चय लागतो.”

नाना इतका वेळ गप्प होते. त्यांची दारू गेल्या सिंहस्थात, म्हणजे २०१५ ला सुटली. आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत आहे, ते स्वतःच सांगतात. “मास्तर, माळेला मी नाही म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण तुमच्या त्या चौघांना नुसत्या मण्यांनी नाही सांभाळलं. एकादशीला भजनाला आला नाही तर घरी बघायला कोण येतं? दिंडीवालेच ना? आषाढाची वाट वर्षभर बघायला कोणी शिकवलं? आमच्या मीटिंगमध्ये तेच आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली दोन दारुड्यांनी सुरू केली, एक शेअरबाजारातला आणि एक सर्जन. एकमेकांशी बोलत राहिलं तर आजचा दिवस निघतो, एवढंच त्यांना सापडलं. निश्चय तर मी शंभर वेळा केला होता. सकाळी केलेला निश्चय संध्याकाळी सातला मोडायचा.”

“आणि निश्चय करून एकदम बंद करणंही धोक्याचं,” ताई म्हणाल्या. “रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरातच कोंडून त्याची दारू बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढं भास होतात, ताप चढतो, त्यात माणसं दगावतात. हातापायांचा थरकाप सुरू झाला की सरळ दवाखाना. तिथं थरकापाची औषधं असतात, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं असतात. हे निश्चयाचं काम नाही, डॉक्टरांचं आहे.”

मास्तरांनी मान हलवली. पटलं असं नाही, पण ऐकलं.

नानांनी त्यांच्या पहिल्या केंद्राची गोष्ट सांगितली. कुठलं ते लिहीत नाही. तिथं सकाळी पट्ट्यानं मारायचे आणि रात्री एकाला खाटेला साखळीनं बांधायचे. नाना तिथून तीन महिन्यांनी बाहेर आले आणि बसस्टँडवरच प्यायले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी घातली आहे, आणि त्या कायद्यात दारू-ड्रग्जचं व्यसनही येतं. केंद्रात पेशंट ठेवण्याआधी घरच्यांनी हे विचारायला हवं. मास्तर म्हणाले, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून माणसाला माणूस म्हणून वागवत चाललंय, पुलं आणि सुनीताबाईंनी सुरुवातीला त्याला पैसा दिला होता. मास्तरांना पुलंचं कौतुक सांगायला निमित्त लागत नाही, पण हे मात्र वेळेवर आठवलं.

खरी ठिणगी पडली ती शेठच्या बोलण्यानं. “किती वेळा सोडणार भो तो? ही तिसरी वेळ. मागच्या वेळी मी वीस हजार दिले, म्हणे दुकान टाकतो. पंधरा दिवसांत पिऊन मोकळा. तुम्ही लोक आजार आजार म्हणता, ते ऐकून माझं डोकं फिरतं.”

ताई म्हणाल्या, “बीपीची गोळी लोक मनानं बंद करतात, बीपी वाढतं, पुन्हा येतात. दम्याचंही तेच. अमेरिकेची व्यसनावर संशोधन करणारी सरकारी संस्था सांगते, की उपचार घेतलेल्यांतले ४० ते ६० टक्के पुन्हा घसरतात आणि बीपी, दम्यातही उलटण्याचं प्रमाण त्याच आसपास असतं. तिसऱ्यांदा आलेल्या बीपीवाल्याला मी दुकानातून हाकलत नाही.”

“बीपीवाला बायकोचं मंगळसूत्र विकत नाही,” शेठ म्हणाला.

ह्यावर कोणाला काही बोलता आलं नाही. टपरीवाल्यानं न सांगता चार कटिंग आणून ठेवले. शेठचं खरं होतं. आजार आहे म्हटलं, की ज्यांचं वाटोळं झालं त्यांचा राग खोटा ठरतो असं त्याला वाटतं, आणि त्याला तसं वाटावं असंच आपण बरेचदा बोलतो.

नाना म्हणाले, “मी विकलं होतं. शेठ, आजार आहे म्हणून सोडून द्या, असं मी कधीच म्हणणार नाही. आजार माझा, तर फेडही माझीच. आमच्या मीटिंगमधल्या बारा पायऱ्यांत आठवी-नववी हीच आहे, ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि जमेल तिथं भरून द्यायचं. २०१९ ला मी तिला नवीन मंगळसूत्र केलं. ती घालत नाही, कपाटात ठेवलंय. मी का म्हणून विचारत नाही. ते तिचं आहे.”

मग ते थोडं थांबून म्हणाले, “फिटर सुटला का, एवढंच आपण बघतोय. वहिनींना झोप नाही हे आज पहिल्यांदा कळलं ना? दारू त्याची सुटली, धाक तिचा कुठं सुटला? घरच्यांच्या वेगळ्या मीटिंगा असतात, अल-अ‍ॅनॉन म्हणतात. माझी बायको सहा महिने नाही म्हणाली आणि मग गेली. तिथं तिला पहिल्यांदा कोणी विचारलं, की तू जेवलीस का.”

मला हे फार लागलं. फिटर परत आला त्या दिवशी मी त्याला कडकडून मिठी मारली होती. आत्ता कबूल करतो, ती मिठी वास घ्यायला होती. त्याला ते कळलं असणारच. त्यानंतर मी भेटलो की तो बोलताना थोडा मागं सरकून, तोंड बाजूला करून बोलतो. पीत नसलेल्या माणसाला आपण असं उभं राहायला लावलं. वहिनी कडीचा आवाज ऐकतात, मी वास घेतो, शेठ पैसे मोजतो. चहूबाजूंनी पहारा. आणि त्याला बरं वाटतं का, हे कोणीच विचारलेलं नाही.

“बरं वाटत नाहीच,” नाना म्हणाले. “पहिले सहा महिने कशालाच चव नसते. मला सिनेमा नको, मटण नको, पोरगी पास झाली तरी आतून काही हललं नाही. झोप तर वर्षभर कच्ची होती. खिशात पेढे ठेवायचो, तल्लफ आली की एक तोंडात टाकायचा. मला कोणी सांगितलंच नव्हतं, की असं होतं आणि हळूहळू जातं. मी समजलो आपण आतून मेलो. त्या रिकामपणात माणूस परत पितो.” ताईंनी दुजोरा दिला. लिव्हरवरची नुसती चरबी महिन्या-दोन महिन्यांत उतरायला लागते, डोकं मात्र सावकाश भरून येतं, असं त्या म्हणाल्या.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं. दारू सुटणं हे एका दिवसाचं आहे, त्याची तारीख सांगता येते. बरं होणं हे रोज संध्याकाळी सात ते नऊ घडत असतं, आणि त्या वेळेत आपण कुठं असतो ते महत्त्वाचं. एम्सनं सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत आलंय, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसली तरी मदत मिळते. फिटर त्या एकातला. बाकीच्या ३७ जणांच्या घरी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फुकट नंबर आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ सुद्धा पोचलेला नसतो. आणि आपण त्या एकालाही वास घेऊन घेऊन घालवायचं?

नानांनी चार गोष्टी सांगितल्या, बोटांवर मोजत. भूक, राग, एकटेपणा, थकवा. ह्यातलं एकही वाढलं की पाय वळतात. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेअकराला रिकाम्या पोटी एकटा घरी निघालेला फिटर म्हणजे हे चारही एकदम. त्यानं सुपरवायझरला सांगून फर्स्ट शिफ्ट मागून घ्यावी, मीही शब्द टाकतो, असं मी म्हटलं.

आणि सात तारीख. कंपनीचा पगार सात तारखेला होतो. गेटबाहेर जमणारी मंडळी तीच, जागाही तीच. केंद्रात त्याला गट सोड म्हणून सांगितलंय. पण गट सोडून जायचं कुठं, तर इथं, आणि इथं आम्ही तो आला की विषय बदलतो. रंगपंचमीचंही आहेच. दरवर्षी आम्ही जुन्या नाशकात तिवंध्याच्या रहाडीवर जातो, पेशवाईपासूनच्या त्या रंगाच्या हौदात उड्या मारतो, आणि त्याआधी बाटली फुटलेली असते. ती ह्या वर्षी नको, हे मी बोललो तेव्हा मास्तर सोडून सगळे थोडे गप्प झाले. मास्तर प्यायलेच नाहीत कधी. शेठ शेवटी म्हणाला, “एका वर्षानं काय बिघडतंय.”

वहिनींना मी रात्रीच फोन केला. पावडर आणू नका म्हटलं आणि ताईंनी का सांगितलं तेही सांगितलं. गोळी हवीच असेल तर दोघांनी मिळून केंद्राच्या डॉक्टरांना विचारा. नानांच्या घरच्या शुक्रवारी तुमच्याकडे येतील, चालेल का, असं विचारलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, “येऊ द्या. पण ह्यांना घरी असू द्या की बाहेर पाठवू?” मी म्हटलं, ते तुम्हीच ठरवा.

उठता उठता सात तारखेचं ठरलं. मी गेटवरून त्याला गाडीवर घेणार, नाना इथं रिक्षा लावून साडेसहालाच हजर, मास्तर पांडवलेणीपर्यंत चालायला तयार. शेठ शटरच्या किल्ल्या खिशात टाकत म्हणाला, “मी पण येतो. पण उधार एक रुपया देणार नाही, आधीच सांगतो.”

“देऊच नका,” नाना म्हणाले. “मागितले तर त्याला माझ्याकडे पाठवा. फक्त वीस हजाराचा विषय त्या दिवशी काढू नका. तो त्याच्या यादीत आहे, मी बघितलाय.”