सलग नऊ मारलो म्हणे!

आमच्या बेळगावात पूल, म्हणजे टेबलावर क्यूच्या काठीनं चेंडू पॉकेटात घालायचा खेळ, खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, त्याच्याकडं एक आकडा तयार असतो. "सलग नऊ मारलो बग." "त्या दिवशी टेबलावरनं उठलोच न्हाई." सांगणारा थापा मारत नसतो, हे आधीच मान्य करतो. नऊ गेम त्यानं खरंच जिंकलेले असतात. माझं भांडण पोराशी नाही, आकड्याशी आहे. हा आकडा पूलचा नव्हेच, तो पाटीचा आहे.

ज्यांनी असल्या ठिकाणी पाऊल टाकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गल्लीतल्या पार्लरात किंवा बारच्या मागच्या खोलीत एकच सात फुटी टेबल असतं आणि खेळणारे ढीगभर. मग एकच कायदा चालतो. जिंकेल तो थांबेल, हरेल तो उठेल, आणि जाता जाता टेबलाचे पैसे देईल. भिंतीवरच्या पाटीवर खडूनं नावं लिहायची, नंबर आला की उठायचं. म्हणजे सलग जिंकणाऱ्याची अख्खी संध्याकाळ फुकट. या आकड्यावर लोकांचा एवढा जीव का, ते इथं कळतं. त्यात अर्धा अभिमान असतो आणि अर्धा वाचलेला पैसा.

आता या नऊमध्ये नक्की काय मोजलं गेलं? पाटीवर पुढचं नाव कुणाचं होतं ते. शनिवारी संध्याकाळी टिळकवाडीतल्या एखाद्या पार्लरात जाऊन बसा. कॉलेजची पोरं घोळक्यानं येतात. त्यातल्या निम्म्यांनी क्यू पहिल्यांदा धरलेला असतो, ज्या पांढऱ्या चेंडूनं बाकीचे मारायचे ती पांढरीच थेट पॉकेटात घालतात आणि हसत पैसे देऊन जातात. अशा वेळी ज्याला बऱ्यापैकी खेळता येतं त्याचे सहा-सात गेम बसल्या जागी होतात. आणि जे खरे खेळणारे असतात ते पाटीकडं एक नजर टाकतात आणि चहाला बाहेर निघून जातात. गर्दी पांगल्यावर परत येतात. तोवर आपल्या गड्याची "सलग नऊ" होऊन गेलेली असते, आणि तो घरी जायच्या गडबडीत असतो. ती गडबडही मला कधी खरी वाटलेली नाही.

त्यात भर म्हणजे ब्रेकही, म्हणजे तिकोनात लावलेले चेंडू फोडणारा पहिला फटकाही, जिंकणाऱ्याचाच. छोट्या टेबलावर ब्रेक मारणाऱ्याला केवढा फायदा असतो, ते रोज खेळणाऱ्याला सांगायला नको. एकदोन चेंडू पडतात, छोटे (एक ते सात) घ्यायचे की मोठे (नऊ ते पंधरा) हे आधी तो ठरवतो, समोरचा उठेपर्यंत निम्मं टेबल रिकामं झालेलं असतं.

इथं दुसऱ्या बाजूची मंडळी लगेच टाळ्या वाजवतील. म्हणजे बारा फुटी स्नूकर टेबलावर हात बसलेले, एक डोळा बारीक करून चालणारे. त्यांच्या लेखी सात फुटी टेबल म्हणजे पोरखेळ. "पॉकेट केवढालं, अंतर केवढंसं, त्यात काय मारायचं?" त्यांचंही मला पटत नाही.

थोडा हिशोब करू. नऊ फुटी टेबलाचं खेळायचं मैदान ५० बाय १०० इंच. सात फुटीचं साधारण ३९ बाय ७८. म्हणजे जागा साठ टक्क्यांच्या आसपास उरली. चेंडू मात्र तेच, सव्वादोन इंचाचे, आणि तेवढेच, पंधरा अधिक पांढरी. अंतर कमी झाल्यानं एकेक चेंडू पॉट करणं सोपं होतं, हे खरं. पण सगळे चेंडू एकमेकांच्या अंगावर असतात. पांढरीला जायला वाट नसते. मोठ्या टेबलावर ती दोन चेंडूंमधून आरामात निघून जाते, इथं अर्ध्या इंचासाठी अडकते. मोठ्या टेबलावर नेम चुकतो, छोट्यावर वाट चुकते. त्यामुळं तिथं एक चेंडू मारणं अवघड आणि इथं सगळे मारणं अवघड. स्नूकरवाल्यांना इथं आणून बसवलं की पहिले चार चेंडू ते कौतुकानं घालतात. पाचव्याला पांढरी समोरच्याच्या चेंडूमागं जाऊन दडते आणि मग टेबलाच्या कापडाबद्दल तक्रार सुरू होते.

मग मोजायचं काय? माझ्या मते उत्तर आपल्याकडं केव्हापासून आहे. बिलियर्ड्स आणि स्नूकरमध्ये लोक 'ब्रेक' सांगतात, पण तिथं ब्रेक म्हणजे फोडणं नव्हे, एका खेपेत सलग केलेले गुण. एकदा टेबलाशी आलास, उठेपर्यंत किती केलंस? गीत सेठीनं १९९२ च्या जागतिक व्यावसायिक बिलियर्ड्स स्पर्धेत १२७६ चा ब्रेक केला, तो आकडा आजही सांगितला जातो. त्या ब्रेकमध्ये समोरचा खुर्चीत बसून होता. तो चांगला की वाईट, झोपलेला की जागा, यानं त्या आकड्यात फरक पडत नाही. या खेळात आपली माणसं कमी नव्हती, हेही जाता जाता सांगतो. विल्सन जोन्स मूळचे पुण्याचे, १९५८ मध्ये ते हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. पंकज अडवाणी पुण्यात जन्मला आणि बेंगळुरूत नाव काढलं, तेव्हा त्याच्यावर दोन्ही राज्यांनी हक्क सांगायला हरकत नाही. आम्हाला असल्या वादांची सवय आहे.

पूलमध्येही हेच आहे. 'स्ट्रेट पूल' म्हणून एक जुना प्रकार आहे. त्यात कुठलाही चेंडू कुठल्याही पॉकेटात घालता येतो, फक्त आधी सांगायचं. चौदा पडले की ते पुन्हा तिकोनात लावायचे आणि उरलेला पंधरावा घालता घालता नवा ढीग फोडायचा. चुकेपर्यंत मोजत राहायचं. अमेरिकेच्या विली मोस्कोनीनं १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला असे सलग ५२६ चेंडू घातले. तो विक्रम ६५ वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटनं ६२६ केले, २०२२ मध्ये जेसन शॉनं ७१४. गंमत पुढं आहे. मोस्कोनीचे ५२६ आठ फुटी टेबलावरचे, नऊ फुटीवरचे नव्हेत. तेव्हापासून लोक कुरकुरतात की टेबल लहान होतं, पॉकेटं मोठी होती. कुरकुरोत बापडे. पण त्या आकड्यासोबत टेबलही सांगितलं जातं, हे बघा. कुठलं टेबल, कुठलं गाव, कुठला प्रकार. आमच्या "सलग नऊ" ला यातलं काहीच नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. छोट्या टेबलावरची आपली सर्वांत मोठी कामगिरी सांगायची असेल तर सलग जिंकलेले गेम सांगू नका, एका दमात साफ केलेली टेबलं सांगा. स्वतः ब्रेक मारला, चेंडू पडला, तिथपासून शेवटच्या काळीपर्यंत (आठ नंबर, ती घातली की गेम) समोरच्याला उठूच दिलं नाही. अशी सलग किती?

माझी दोन. हसायचं तर हसा. त्यातल्या दुसऱ्या टेबलाची गोष्ट मात्र सांगणारच, कारण तसं टेबल मला रोज मिळत नाही.

ब्रेकवर तीन नंबर पडला. छोटे घ्यायचं ठरवलं, कारण चार आणि सात वरच्या दोन्ही कोपऱ्यांपाशी नीट उभे होते आणि दोन मधल्या पॉकेटासमोर. काळी मोकळी. अडचण एकच होती, पण मोठी. सहा नंबर खालच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, चिकटलेला आणि त्याला समोरच्याचा अकरा अंगाशी बिलगलेला. अशा वेळी नवखा माणूस सोपे चेंडू आधी घालून टाकतो आणि शेवटी त्या जोडीपुढं हात बांधून उभा राहतो. ती जोडी लवकर फोडावी लागते, बाकीचे चेंडू अजून टेबलावर असताना, म्हणजे फोडल्यावर पांढरी कुठंही थांबली तरी मारायला काहीतरी उरतं. मी पाच नंबर खालच्या डाव्या कोपऱ्यात घातला आणि पांढरी हळू पुढं सोडली. अंतर दोन वितींचं. जोर जरा जास्त झाला असता तर पांढरी त्याच कोपऱ्यात गेली असती, कमी झाला असता तर मधेच मेली असती. अकराला जेमतेम टेकली. अकरा सरकला, सहा तिथंच राहिला, पण आता त्याच्या बाजूनं हवा दिसायला लागली.

एक गेला. सहा कुशनच्या कडेकडेनं पातळ कापला, पॉकेटाच्या ओठावर क्षणभर विचार करून आत पडला. दोन, सात, चार. आता काळी मधल्या पॉकेटात, सरळ. पण पांढरी थांबली ती भिंतीच्या बाजूच्या कुशनला लागून. त्या पार्लरात टेबल आणि भिंत यांच्यात माणूस कसाबसा आडवा जातो. पूर्ण क्यू मागं घेतला की बुडखा कॅलेंडरवर आपटतो. त्यासाठी तिथं एक बुटका क्यू ठेवलेला असतो, त्याच्या टोकावरचं चामडं कधीचं सपाट झालेलं. तो घेतला, खडू दोनदा लावला, साइडचा, म्हणजे पांढरीला बाजूनं फिरकी द्यायचा, नादच सोडला आणि मधोमध मारलं. काळी गेली. मी मान वर केली तेव्हा समोरचा खुर्चीत नव्हता. तो काउंटरवर पैसे देत होता. मालक मामा त्याला विचारत होते, "एवढ्यात संपलं काय गा?"

तिसऱ्या ब्रेकला काहीच पडलं नाही. पुढं समोरच्यानं माझे चेंडू तसेच ठेवून आपले सगळे घातले. पाटीच्या हिशेबात ती संध्याकाळ दोनाचीच ठरली, म्हणजे सांगण्यासारखी नाहीच. शनिवारच्या गर्दीत मीही याहून मोठे आकडे केलेत. त्यातला एकही गेम मला चेंडूंसकट आठवत नाही.

आता आकड्यासोबत टेबल का सांगायचं, त्याबद्दल थोडं. आपल्याकडं पाऊस लागला की महिना-महिना ऊन दिसत नाही, हे बेळगाव-खानापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पार्लरच्या खोलीत ओल धरते, कापड दमट होतं आणि चेंडू अंगात ताप असल्यागत चालतात. उन्हाळ्यात ज्या जोरात पांढरी आख्खं टेबल फिरून येते, तेवढ्याच जोरात आषाढात ती मधेच बसते. त्यात टेबल स्लेटच्या फरशीचं नसून लाकडी फळीचं असेल तर फळी पाणी धरते, एका बाजूला उतार येतो. रोजच्या गिऱ्हाइकांना तो उतार पाठ असतो. बाहेरून आलेला हरतो आणि वर म्हणतो, आज हात चालला नाही.

पांढरीचंही तसंच. मूळ संचातली हरवते, मग दुसऱ्या संचातली आणून ठेवतात, ती कधी जड असते. समान वजनाची पांढरी फिरत न ठेवता मारली की धडकेनंतर काटकोनात निघते, त्यावर पुढची सगळी आखणी असते. जड पांढरी काटकोन पाळत नाही, पुढं ढकलत जाते, आणि स्क्रू मारून, म्हणजे उलटी फिरकी देऊन, मागं आणायची म्हणजे घाम निघतो. अशा पांढरीवर कुणी दोन टेबलं साफ केली तर मी त्याला माझ्या पैशानं चहा पाजीन.

नियमांबद्दल तर बोलायलाच नको. फाउल झाला की आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं पांढरी हातात घेऊन कुठंही ठेवता येते. आमच्यातले बरेचजण ती ब्रेक मारायच्या रेषेमागंच ठेवायला लावतात. काही ठिकाणी फाउलला दोन शॉट देतात. निपाणीकडचा एक गडी, चंदगडचा एक आणि चोर्ला घाटातनं गोव्याला जाऊन खेळून आलेला एक, असे तिघं एका टेबलाशी आले की पहिला अर्धा तास खेळ होतच नाही. मराठीत सुरू झालेलं भांडण कन्नडमध्ये जातं, आणि शेवटी मामा "माझं टेबल, माझा नियम" म्हणून दोन्ही भाषांत मिटवतात. तेव्हा फाउलवर मिळालेल्या संधीतनं जिंकलेला गेम एका गावात जिंकलेला धरला जातो आणि पलीकडच्या गावात कदाचित हरला असता. पण ब्रेकपासून काळीपर्यंत ज्यात समोरचा उठलाच नाही, त्यात कुणाचा फाउल नाही आणि कुणाचा नियम नाही.

तर मंडळी, शहापूर, अनगोळ, वडगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, जिथं कुठं खेळत असाल तिथनं खाली लिहा. एका दमात साफ केलेली टेबलं, सलग किती. टेबल किती फुटी, स्लेट की फळी, पांढरी संचातली की उसनी, पावसाळा होता की उन्हाळा. "सलग नऊ मारलो" वाल्यांनीही लिहा, फक्त पाटीवर त्या दिवशी पुढची नावं कुणाची होती तेही सांगा. आणि स्नूकरवाल्यांनी आधी एकदा सात फुटीवर येऊन साफ करून दाखवावं, टेबलाचे पैसे मी भरतो.