‘डिलिव्हर्ड’ दाखवतंय, पण पुस्तकं आली नाहीत: एका ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: चार पुस्तकं मागवली, १,४६० रुपये आगाऊ भरले, नवव्या दिवशी मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’ असा मेसेज आला, घरी मात्र पाकीट आलंच नाही. दुकानात फोन केला तर ‘कुरिअरच्या ऑफिसात जाऊन विचारा’ एवढंच ऐकायला मिळालं. तुमचा खरा राग या शेवटच्या वाक्याचा आहे आणि तो रास्त आहे. आमचं ते उत्तर उर्मट होतं, शिवाय चुकीचंही होतं.

कुरिअरचा व्यवहार पाठवणाऱ्याशी ठरलेला असतो. बुकिंगची पावती आमच्या नावावर, भाडं आम्ही भरलेलं आणि तक्रारीचं तिकीटही (कुरिअरकडची तक्रारनोंद) आमच्याच खात्यातून उघडतं. ज्याच्या नावाने पाकीट आहे तो काउंटरवर गेला, तर त्याला स्क्रीनवरचं ‘डिलिव्हर्ड’ दाखवून वाटेला लावतात. तालुक्याला हेलपाटा घालूनही तुमच्या हाती काही लागलं नसतं. शोध घेणं आमचं काम होतं, ते आता सुरू केलं आहे.

आधी पैशांचं. चारपैकी दोन पुस्तकं दुकानात आहेत, ती पुन्हा पाठवतो आहोत. उरलेली दोन छपाईत नाहीत, त्यांचे ८२० रुपये तुम्ही ज्या यूपीआय खात्यातून भरले त्याच खात्यात परत केले आहेत. कुरिअरकडून भरपाई येईल तेव्हा येईल, तुम्ही तिच्यासाठी ताटकळायचं कारण नाही. एकच विनंती: बँकेकडे याच रकमेची तक्रार आधीच केली असेल तर कळवा. परतावा आणि बँकेचा वाद एकाच वेळी चालले की दोन्हीकडचे पैसे अडकून पडू शकतात.

आता शोधाबद्दल. ‘डिलिव्हर्ड’ या शब्दाचा अर्थ इतकाच की कुणीतरी यंत्रावर तसं बटण दाबलं. ते खोटं ठरण्याची कारणं नेहमीचीच असतात. दिवसाच्या शेवटी वाटपाची यादी कोरी दिसावी म्हणून उरलेली पाकिटं ‘दिली’ असं दाखवून टाकतात. शेजारी किंवा वॉचमनकडे दिलेलं पाकीट तुमच्या नावावर चढतं. आणि खेड्यांच्या बाबतीत तिसरं, सगळ्यात मोठं कारण: गाव कुरिअरच्या थेट वाटपाच्या हद्दीबाहेर असतं, पाकीट तालुक्याच्या एजंटकडे जातं आणि एजंटच्या हातात पडलं की तिथेच स्कॅन होतं. पुढे ते गावात जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती सोपवतात, त्याची कुठे नोंद नसते.

म्हणून ‘पाकीट कुठे आहे’ असा मोघम प्रश्न विचारून उपयोग नसतो, ‘चौकशी चालू आहे’ असं तितकंच मोघम उत्तर येतं. आम्ही लेखी चार गोष्टी मागितल्या: पोच-पावती, म्हणजे पीओडी, सही आणि घेणाऱ्याच्या नावासकट, शेवटच्या स्कॅनची वेळ आणि जीपीएसची जागा, त्या दिवसाची वाटपयादी, आणि वाटेतल्या प्रत्येक हबमध्ये (पाकिटं वेगळी करण्याच्या केंद्रात) नोंदलेलं वजन. वजनाला लोक महत्त्व देत नाहीत, पण चोरी वाटेत झाली की शेवटच्या टप्प्यात, हे वजनावरून कळतं. तुमचं पाकीट बुकिंगला १ किलो ८४० ग्रॅम होतं. शेवटच्या हबमध्येही तेवढंच भरलं, म्हणजे तिथपर्यंत कुणी ते फोडलेलं नाही. स्कॅनची जागा तुमच्या गावची नाही, तालुक्याच्या एसटी स्टँडजवळची आहे. पोच-पावतीवर सहीऐवजी नुसती एक रेघ आहे. तेव्हा पाकीट एजंटच्या गाळ्यात पडून असावं किंवा तिथून पुढे गावात कुणाच्या तरी दुकानात ठेवलेलं असावं, असा आमचा कयास आहे.

इथून पुढचं थोडं काम मात्र तुम्हीच करू शकता, आमच्या हातात ते नाही. गावात एसटी थांब्याजवळचं किराणा दुकान, पिठाची गिरणी, ग्रामपंचायतीचा शिपाई, आणि तुमच्याच आडनावाची दुसरी घरं असतील तर ती, एवढ्या ठिकाणी विचारून बघा. आडनावाच्या घोटाळ्यात चुकीच्या ओट्यावर गेलेली पाकिटं पुष्कळ असतात. ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा काढून ठेवा, कारण नोंदी काही काळाने पानावरून जातात. आलेला एसएमएस पुसू नका. आणि ‘पाकीट मिळालेलं नाही’ अशी एक ओळ आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. तोंडी सांगणं आम्हाला पुरतं, पण तिकिटाला तुमचं हे लेखी म्हणणं जोडावं लागतं, आणि बहुतेक कुरिअरच्या अटींत या तक्रारीला मोजक्या दिवसांचीच मुदत असते.

एक गोष्ट अजिबात करू नका. कुरिअरचा फोन नंबर गूगलवर शोधू नका. हरवलेल्या पाकिटाच्या मागे असलेला माणूस हे भामट्यांचं आवडतं गिऱ्हाईक. खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर टाकून ठेवलेले असतात. तिथला माणूस ‘पत्ता अपडेट करायला फक्त २ रुपये भरा’ म्हणत लिंक पाठवतो किंवा तुमची स्क्रीन त्याला दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो, आणि खातं रिकामं होतं. पोस्टाच्या नावानेही असे एसएमएस फिरतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

जबाबदारीबद्दल तुमच्या अभिप्रायाखाली एका वाचकाने लिहिलंय की माल वाहतूकदाराकडे दिला की दुकानदार मोकळा. १९३० सालच्या मालविक्री कायद्याचं कलम ३९ अर्धंच वाचलं तर तसं वाटतं. त्याच कलमाचा पुढचा भाग म्हणतो की मालाचं स्वरूप पाहून वाहतूकदाराशी वाजवी करार करणं विक्रेत्याचं काम आहे, आणि तो केला नाही तर गिऱ्हाईक त्याला जबाबदार धरू शकतं. छपाईत नसलेली पुस्तकं आम्ही किंमत जाहीर न करता, विम्याशिवाय पाठवली. वाजवी करार याला म्हणत नाहीत.

त्याचा फटका आकड्यांत सांगतो. २००७ सालच्या रस्ते मालवाहतूक कायद्यात कुरिअर कंपन्याही येतात. वाढीव जोखमीचा दर (जास्त भरपाईसाठीचं जादा भाडं) भरलेला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. तुमच्या पाकिटाचं भाडं ११० रुपये होतं, म्हणजे जास्तीत जास्त १,१०० रुपये. दावा कोर्टात न्यायचा तर आधी, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, लेखी नोटीस द्यावी लागते. ‘शोधतोय, शोधतोय’ ऐकत हे दिवस निघून जातात, म्हणून तिकिटाबरोबरच नोटीसही पाठवून दिली आहे.

आमचं उत्तर पटलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आमची तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि मालासाठी भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. हा रस्ता दुकानदाराने सांगू नये असं आमच्या धंद्यातले काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

‘सरळ पोस्टाने का नाही पाठवलं’ असंही तुम्ही विचारलं आहे. खेड्यासाठी पोस्टच बरं, इथे आमची निवड चुकली. तुमचा पिनकोड उपडाकघराचा आहे, त्याच्या हाताखालच्या सगळ्या शाखा डाकघरांना तोच लागू. कुरिअरवाला पिनकोड बघून तालुक्यात थांबतो, पोस्टमन गावात येतो. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाच्या कल्पनेतून. पण सहा आकड्यांनी पाकीट डाकघरापर्यंत पोचतं, पुढे ‘मु. पो.’ नीट लिहिलेलंच लागतं.

पोस्टाचेही बारकावे आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. आता स्पीड पोस्टवर ५ रुपये आणि जीएसटी जादा भरून नोंदणी (पाकीट ज्याच्या नावाने त्याच्या किंवा त्याने नेमलेल्याच्याच हाती देण्याची सोय) घेता येते, तेवढ्याच पैशांत ओटीपी सांगितल्याशिवाय पाकीट न देण्याची सोयही मिळते. त्या पाच रुपयांत तुमचा-आमचा हा सगळा ताप वाचला असता. पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा, ट्रॅकिंगसह, पण ते जमिनीवरून जातं, त्यामुळे सावकाश. भरपाईच्या बाबतीत मात्र पोस्ट हात आखडता घेतं. स्पीड पोस्ट हरवलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. म्हणजे दुर्मीळ पुस्तकाला तिथेही विमा हवाच. पोस्टाची तक्रार १८०० २६६ ६८६८ वर किंवा त्यांच्या वेबसाइटवर होते. तक्रार क्रमांक घेऊनही दाद लागली नाही तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाकावी, तिथे निकालासाठी २१ दिवस ठरवून दिले आहेत.

नवं पाकीट असं येईल: स्पीड पोस्ट, नोंदणी आणि ओटीपी दोन्ही घेऊन. पुस्तकं आधी प्लास्टिकमध्ये, मग पुठ्ठ्यात, कोपऱ्यांना दुहेरी पुठ्ठा. पत्त्याचं लेबल पारदर्शक टेपखाली, आणि दोघांचे पत्ते व फोन लिहिलेली दुसरी चिठ्ठी पाकिटाच्या आत. बाहेरचं लेबल फाटलं आणि आत काहीच नसलं, तर ते पाकीट शोधून देणं कुणाच्याच हातात राहत नाही. पोस्टाच्या रिटर्न लेटर ऑफिसात अशी पाकिटं उघडून पत्ता शोधतात, तेव्हा ही चिठ्ठीच उपयोगी पडते. तुमच्या गावाच्या नावाची आणखी गावं असतील, म्हणून मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण पुन्हा एकदा कळवा. ऑर्डरच्या फॉर्मात ‘पोस्ट’ आणि ‘तालुका’ हे रकानेच नव्हते, ते कालपासून घातले आहेत.

ओटीपी पोस्टमन पाकीट घेऊन समोर आल्यावरच सांगा, फोनवर कुणालाही नाही. पाकीट फाटलेलं किंवा टेप पुन्हा चिकटवलेली वाटली तर सही करण्याआधी फोटो काढा आणि तसा शेरा पावतीवर लिहा. पहिलं पाकीट तोवर गिरणीत सापडलंच, तर ठेवून घ्या. छपाईत नसलेल्या दोन पुस्तकांचे पैसे तेव्हा जमेल तसे परत पाठवा, आणि बाकीच्या दोनांची जादा प्रत गावच्या वाचनालयात दिलीत तरी आमची हरकत नाही.