सोलर बसवलंत? मग आता हरकतही नोंदवा

गेल्या वर्षभरात आमच्या गच्चीवर तीस-पस्तीस माणसं तरी चढून गेली असतील. कुणी शाळेतले पालक, कुणी नात्यातले, कुणी नुसते ऐकून आलेले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "ताई, ते ७८ हजार खरंच खात्यावर येतात का?"

येतात. आमचे आले. आम्ही ३ किलोवॉटचं सोलर बसवलं, सगळं मिळून १ लाख ९५ हजार खर्च आला आणि अनुदान थेट खात्यात जमा झालं. केंद्र सरकारच्या ज्या योजनेतून ते मिळतं, त्या पीएम सूर्यघर योजनेचा हिशोब अगदी सोपा आहे. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ७८,०००. त्याहून मोठं बसवलं तरी अनुदान तेवढंच. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पावसाळ्यात आमच्याकडे निम्म्यावर येतं, मार्च ते मे भरभरून मिळतं.

पण आज लिहायला बसले ते अनुदान कसं मिळवायचं हे सांगायला नाही. ते मिळाल्यावर आपण सगळे जे गप्प बसतो, त्याबद्दल लिहायचंय.

आधी आमचं बिल बघा. आम्ही दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेनऊला घराला कुलूप लागतं, ते संध्याकाळी साडेपाच-सहाला निघतं. पॅनेल वीज करतात ती नेमकी याच वेळात. उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी बारा युनिट तयार होतात. त्यातली फ्रिज आणि सासूबाईंच्या खोलीतला पंखा मिळून चार-एक युनिट घरात लागतात, बाकीची आठ तारेवरून बाहेर जातात. संध्याकाळी मिक्सर, गिझर, टीव्ही, मुलाचा कॉम्प्युटर, रात्रीचा एसी सुरू होतो, तेव्हा पॅनेल झोपलेले असतात आणि वीज बाहेरून आत येते. नेट मीटर या दोन्हींची वजाबाकी करतं. मे महिन्याच्या बिलावर आयात १७८ युनिट, निर्यात २३६. म्हणजे भरायचा फक्त स्थिर आकार, उरलेली ५८ युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यावर. पूर्वी याच महिन्यात तीन हजारांच्या वर बिल यायचं, कारण शंभर युनिटच्या वर गेलं की दर जवळपास दुप्पट होतो.

आता समजा, उद्या नियम झाला की दुपारी दिलेली वीज दुपारच्याच वापरातून वजा होईल, रात्रीच्या नाही. दुपारी घरात माणूसच नाही! मग ती शिल्लक वीज घाऊक भावात जमा होणार आणि रात्रीची आपण किरकोळ भावात विकत घेणार. मी वही घेऊन हिशोब मांडला. आमच्यासारख्या घराला महिन्याला हजाराच्या आसपास फरक पडतो. वर्षाला बारा हजार. म्हणजे सरकारनं एका हातानं दिलेले ७८ हजार साडेसहा वर्षांत दुसऱ्या हातानं परत गेले. पॅनेल मात्र पंचवीस वर्षांच्या हिशोबानं बसवलेले असतात.

ही कल्पनेतली भीती नाही. आपल्या राज्यात नेट मीटरिंगचे पहिले नियम विजेचे दर आणि नियम ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगानं २०१५ मध्ये केले. २०१९ मध्ये नवीन नियमांचा मसुदा आला, त्यात घरगुती ग्राहकाला महिन्याला ३०० युनिटपर्यंतच नेट मीटरिंग ठेवायचं होतं. लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला. घरमालक, सोलर बसवणारे छोटे व्यावसायिक, ग्राहक संघटना, सगळे तुटून पडले. त्याच वर्षी डिसेंबरअखेर अंतिम नियम आले तेव्हा ती मर्यादा गळाली होती आणि नेट मीटरिंग टिकलं. आज आपण ज्या बिलाकडे बघून खूश होतो, ते त्या हरकती लिहिणाऱ्यांच्या जिवावर. मी तेव्हा एक ओळही लिहिली नव्हती, मला हे काही माहीतच नव्हतं.

२०२५ च्या सुरुवातीला महावितरणच्या दरप्रस्तावाच्या वेळी दिवसाचे तास आणि रात्रीचे तास वेगळे मोजण्यावरून पुन्हा तोच विषय तापला. तेव्हा कुठे मी जागी झाले. वीज कायदा २००३, कलम ६४. वीज कंपनीला दर बदलायचे असतील तर आयोगाकडे अर्ज करावा लागतो, तो वर्तमानपत्रात प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेतल्याशिवाय आयोगाला आदेश काढता येत नाही. "लोकांच्या" म्हणजे तुमच्या-माझ्या. वकील लागत नाही.

अशा हरकती ऐकायला आयोग सुनावणी घेतो, तशा एका सुनावणीला मी जाऊन आले. पहाटेची एसटी पकडली, पिशवीत बारा महिन्यांची बिलं आणि डबा. सभागृहात पुढच्या रांगांत कारखानदारांचे प्रतिनिधी, जाडजूड फायली, रंगीत खुणा लावलेली पानं. ग्राहक संघटनांचे अनुभवी कार्यकर्ते होते, त्यांचा अभ्यास बघून थक्क व्हायला झालं. पण ज्यांच्या गच्चीवर दोन-तीन किलोवॉट आहे अशी साधी घरं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यात बायका आम्ही दोघीच. माझं नाव पुकारलं तेव्हा हाताला घाम सुटला होता. मी कायद्याचं काही बोलले नाही. मे महिन्याचं बिल वर धरलं आणि सांगितलं, "आमच्या घरात दुपारी कुणी नसतं. आम्ही पैसे घातले ते नेट मीटरचा नियम बघून. नियम बदलायचाच असेल तर आधी ज्यांनी घातलेत त्यांना त्यातून बाहेर ठेवा." दोन मिनिटं झाली असतील. समोर बसलेल्यांनी लिहून घेतलं. एवढंच. पण त्या हॉलमध्ये ते बिल कुणीतरी वर धरायला हवं होतं.

वीज कंपनीची बाजू मी समजून घेतली आहे आणि ती खोटी नाही. दुपारी सगळीकडून सोलरची वीज येते आणि खरी गरज रात्री असते. ती रात्रीची वीज, तारा, खांब, रोहित्रं, पहाटे तीनला खांबावर चढणारा वायरमन, या सगळ्याचा खर्च कुठून तरी निघायला हवा. जास्त वापर करणारी, जास्त दर भरणारी घरं सोलरवर गेली की तो भार बाकीच्यांवर येऊ शकतो. कंपनीनं यासाठी ग्रिडला, म्हणजे विजेच्या तारांच्या जाळ्याला, आधार देण्याचा वेगळा आकार सोलरवाल्यांकडून मागितला होता. आयोगानं २०२० च्या आदेशात सांगितलं की राज्यातल्या छतांवरच्या सोलरची एकूण क्षमता ५,००० मेगावॉट होईपर्यंत तो लावायचा नाही. म्हणजे प्रश्न मिटला नाही, पुढे ढकलला गेला. तो परत येणार, आणि येईल तेव्हा आपण तयार असलं पाहिजे.

माझं मत असं, की बाकीच्यांवर भार येतो म्हणून सोलर महाग करण्यापेक्षा ते "बाकीचे" सोलरमध्ये आणा. आमच्या शेजारच्या काकू एकट्या राहतात, महिन्याला ७०-८० युनिट. त्यांना कुठलीही एजन्सी फोन करत नाही, कारण त्यांच्या बिलात बचत दाखवायला काही नाही. राज्य सरकारनं २०२५ मध्ये स्मार्ट नावाची जी योजना आणली ती नेमकी अशा घरांसाठी आहे, दारिद्र्यरेषेखालची आणि शंभर युनिटच्या आत वापर असलेली मिळून ५ लाख घरं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १ किलोवॉटसाठी फक्त २,५०० रुपये भरायचे आहेत, बाकी केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५००. ही बातमी आली त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला. पण ५ लाख हा आकडा महाराष्ट्राला पुरणारा नाही. तो वाढावा म्हणून मागणी करायला तीच घरं पुढे येणार नाहीत, ती आपण करायची.

आमच्या कराडहून पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीला जाऊन या. राज्यातलं पहिलं सौरग्राम, सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. शंभरेक उंबऱ्याचं गाव. कौलारू घर असो की स्लॅबचं, प्रत्येकावर पॅनेल. ज्या गावात आधी स्वच्छतेसाठी सगळे एकत्र आले होते, तिथं सोलरसाठीही एकत्र आले, हे मला तिथं गेल्यावर जास्त जाणवलं.

आणि फ्लॅटवाल्यांचं काय? सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात, ते अवश्य घ्या. पण चौथ्या मजल्यावरच्या माणसाचं स्वतःचं बिल त्यानं कमी होत नाही. दिल्लीत २०१९ पासून अशी तरतूद आहे की सोलर एका जागी आणि त्याची युनिट अनेक बिलांत वाटून. माझ्या ओळखीतल्या एकाही फ्लॅटवाल्याला आपल्याकडे असा लाभ मिळालेला नाही. माझा भाचा जर्मनीत भाड्याच्या घरात राहतो, त्यानं बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनेल लावलेत. तिथं या बाल्कनी-सोलरसाठी २०२३ मध्ये संसदेकडे गेलेल्या अर्जावर लाखावर लोकांनी सह्या केल्या आणि २०२४ मध्ये कायदा बदलून भाडेकरूंना तो हक्क मिळाला. भाडेकरूंना! आपल्याकडे भाडेकरूचा विचार या कुठल्याच योजनेत नाही, आणि शहरातली निम्मी तरुण कुटुंबं भाड्याच्या घरात आहेत असं मला तरी माझ्या वर्गातल्या मुलांकडे बघून वाटतं.

नवीन बसवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण आम्ही त्यात पोळलो. आमच्या एजन्सीनं अर्थिंगचे तीन खड्डे दाखवले होते कागदावर. घराकडे जाणाऱ्या विजेच्या (एसी) बाजूचं, पॅनेलकडच्या (डीसी) बाजूचं आणि आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं. गल्लीतल्या एका वायरमननं सहज डोकावून पाहिलं तर तिन्ही पट्ट्या एकाच रॉडला आणून बांधलेल्या. पाऊस तोंडावर, गच्चीवर धातूचा सांगाडा. तीन आठवडे फोन करून, शेवटी उरलेला हप्ता रोखून धरल्यावर काम झालं. तेव्हा शेवटचे पैसे अर्थिंग डोळ्यांनी बघितल्यावरच द्या. आणि स्ट्रक्चर माणूस खालून जाईल एवढं उंच घ्या. आमच्या सासूबाई पॅनेलच्या सावलीत बसून सांडगे राखतात, शिवाय खालून पाइप मारून आठवड्याला धूळ धुता येते.

लाइट गेली की हे साधं सोलरही बंद पडतं, तेही आधीच समजून घ्या. खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था आहे. मीटरला उशीर होत असेल तर केंद्राच्या नियमांतली फेब्रुवारी २०२४ ची दुरुस्ती अर्जात लिहा. १० किलोवॉटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीची गरज नाही आणि काम पूर्ण झाल्याचं कळवल्यापासून १५ दिवसांत यंत्रणा सुरू करून द्यायची आहे. नियम दाखवला की उत्तर लवकर मिळतं, हा अनेकांचा अनुभव.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी माझ्या घरी बसणार आहे. पुढच्या वेळी दरप्रस्ताव किंवा नियमांचा मसुदा निघाला की पाठवता येईल असं हरकतीचं एक साधं पत्र मराठीत तयार केलंय, एक पानी. त्यात मधली जागा रिकामी ठेवली आहे, तिथं प्रत्येकानं आपापल्या घराचा हिशोब लिहायचा. सोलर असो वा नसो, स्वतःचं घर असो वा भाड्याचं, या. येताना मागच्या बारा महिन्यांची बिलं तेवढी घेऊन या.