‘किड्यांची कसली आलीय दया?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून नुसते आभार मानून मोकळी होत नाही. बागेतल्या किडींशी होता होईल तो कमी क्रूरपणे वागावं, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप असे: किड्यांना वेदना होतात याला पुरावा नाही, तेव्हा ही दया म्हणजे रिकामपणाची चैन. ढालकिडा (लेडीबर्ड) माव्याला, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या इवल्या किड्यांना, जिवंत खातो ते मला चालतं, आणि झटक्यात मारणारं औषध फवारलं की तो क्रूरपणा, हा दुटप्पीपणा. ज्याचं पोट शेतीवर आहे त्याला हे सांगून दाखवा. उंदीर पकडून लांब सोडण्यालाही मी नावं ठेवली, मग माणसानं करायचं काय? आणि शेवटी विचारलंय, की तुमच्या गुलाबाच्या कळ्या माव्यानं भरल्यात, त्यांना प्रवचन देऊ का?

गुलाबाचं सर्वांत शेवटी सांगते.

आधी दुटप्पीपणा, कारण तुमचा सगळ्यात बळकट मुद्दा तोच आहे. खरं तर ढालकिड्याहून भयंकर उदाहरण तुम्हाला देता आलं असतं. माव्याच्या अंगात अंडं घालणारी एक इवलीशी गांधीलमाशी असते. तिची अळी माव्याला आतून खात वाढते, बराच काळ तो जिवंतच असतो, आणि शेवटी पानाला चिकटलेलं फुगीर तपकिरी टरफल तेवढं उरतं. दुसऱ्या किड्यांना असंच आतून खाणाऱ्या माश्यांचा दाखला देऊन चार्ल्स डार्विननं १८६० साली वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलं होतं, की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं हे जीव मुद्दाम घडवले असतील असं मला काही पटत नाही. तेव्हा निसर्ग कनवाळू आहे, असं मी म्हणत नाही. माझ्या हातून जे होतं तेवढ्याचा हिशेब मी देणं लागते. ती गांधीलमाशी मला विचारून अंडी घालत नाही. फवारा मात्र मी उचलल्याशिवाय उडत नाही, आणि उडाला की त्यात मावा, ढालकिडा, ती गांधीलमाशी आणि शेजारच्या फुलावर बसलेली मधमाशी असे सगळेच येतात. (ढालकिड्याची अळी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, जरा भीतीदायकच दिसते. हीच कीड समजून कितीतरी लोक आधी तिलाच चिरडतात.)

आता ‘झटक्यात’बद्दल. घरगुती फवाऱ्यांत सर्रास असणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं किड्याच्या मज्जातंतूंवर काम करतात. तंतू एकदा चेतवला की तो शांतच होत नाही. किडा थरथरतो, उलटा पडतो, पाय झाडत राहतो आणि मग लुळा पडतो. दोन फुटांवरून पाहणाऱ्याला हे झटक्यात वाटतं, इतकंच.

पण म्हणून मी कडुनिंबाची वकिली करणार, असं तुम्ही गृहीत धरलंत. तसंही नाही. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन किड्याची भूक मारतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. अळी जुन्या कातडीत अडकते आणि काही दिवसांनी मरते. इतर जिवांना त्याचा त्रास कमी, म्हणून क्वचित मी ते वापरते, पण त्या अळीच्या बाजूनं पाहिलं तर त्यात दया कुठली? गोगलगायीवर मीठ टाकण्याचं तर विचारूच नका. तो उपाय घराघरांत ‘नैसर्गिक’ म्हणून सांगितला जातो, आणि माझ्या माहितीतल्या सगळ्यात वाईट उपायांपैकी तो एक आहे. मीठ तिच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, ती फेसाळत, वळवळत मरते, वर कुंडीतली माती खारट होते ती वेगळीच. मारायचंच असेल तर सपाट दगडाखाली एका दणक्यात चिरडणं या सगळ्यांपेक्षा बरं. वाचताना ते अंगावर येतं, मान्य. पण आपल्या अंगावर काय येतं आणि त्या जिवाला काय भोगावं लागतं, ही दोन मापं वेगळी आहेत.

वेदनेच्या पुराव्याबद्दल तुमची माहिती थोडी मागे पडली आहे. २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी भुंग्यांसारख्या केसाळ मधमाश्यांवर, म्हणजे बम्बलबींवर, एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढे साखरपाण्याची काही पात्रं साधी होती, काही ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेली. दोन्हीकडे सारखंच गोड पाणी असेल तर माश्या तापलेलं पात्र टाळत. साध्या पात्रातलं पाणी फिकं केलं की मात्र चटका सोसून तापलेल्याकडे जात. चटका बसला की मागे हटायचं, एवढी नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर असा सौदा जमला नसता. कुठेतरी ‘किती दुखतंय’ आणि ‘किती मिळतंय’ एकत्र तोललं जातंय. याच गटातल्या संशोधकांनी त्याच वर्षी किड्यांच्या वेदनेवरच्या पुराव्यांचा मोठा आढावा घेतला. घरमाश्या-डासांच्या गटातले प्रौढ किडे आणि झुरळं त्यांच्या आठपैकी सहा निकषांवर उतरली.

यातून माव्याला दुखतं हे सिद्ध होत नाही. माव्याच्या गणाबद्दलचा पुरावा बराच तोकडा आहे. पण पुरावा तोकडा असणं म्हणजे वेदना नसल्याचा पुरावा मिळणं नव्हे. मला फारसं काही गमवावं न लागता एखादी शक्यता टाळता येत असेल तर मी ती टाळते.

‘फारसं काही गमवावं न लागता’ म्हटलं, म्हणून शेतकऱ्याच्या मुद्द्याकडे येते. तुम्ही तो माझ्याविरुद्ध मांडलात, पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. १९५९ साली स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कॅलिफोर्नियातल्या कीटकशास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली, ती आज कृषी खात्याच्या पत्रकांतही असते: आर्थिक नुकसानीची पातळी. कीड दिसली म्हणून फवारायचं नाही. तिच्यामुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होणार असेल तेव्हाच हात उचलायचा. म्हणजे जाणता शेतकरी पानं मोजतो, किडे मोजतो आणि पुष्कळदा फवारा न मारता परत फिरतो. घरच्या बागेत आपलं पोट अडलेलं नसतं. पीक बुडून कर्ज होणार नसतं. मग खरं म्हणजे आपली सहनशक्ती त्याच्यापेक्षा जास्त हवी. होतं उलटंच. पानाला एक भोक दिसलं की आपण बाटली शोधतो, आणि त्या भोकानं झाडाचं काहीही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते आपण काढणार असलेल्या फोटोचं.

ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२२ मध्ये जाहीर केलं, की यापुढे आम्ही गोगलगायींना ‘कीड’ म्हणणार नाही, कारण त्यांच्यातल्या मोजक्याच जाती बागेतली झाडं खातात आणि उरलेल्या कुजका पाला साफ करतात. ही झाडाफुलांवर प्रेम करणाऱ्यांची संस्था आहे, प्राणिमित्रांची नव्हे. याच संस्थेनं काही वर्षं आधी तांब्याची पट्टी, अंड्याची टरफलं, खडी असे गोगलगायी अडवण्याचे लोकप्रिय उपाय तपासले होते, त्यातला एकही उपयोगी ठरला नाही. म्हणून मी लेखात टरफलांचं नावच घेतलं नव्हतं. रात्री टॉर्च घेऊन वेचणं आणि रोपं कोवळी असेपर्यंत झाकून ठेवणं, एवढंच सांगितलं होतं. झाकायच्या जाळीबद्दल तेवढं परत सांगते: जिच्या भोकातून बोट आत जाणार नाही अशीच बारीक विणीची जाळी घ्या आणि ती ताणून बांधा. सैल, मोठ्या भोकांच्या जाळीत पक्षी, वटवाघळं आणि साप अडकतात आणि सुटायच्या धडपडीत मरतात.

उंदरांचं. लांब नेऊन सोडलं की तुमच्या डोळ्यांसमोरून प्रश्न जातो, उंदराचा तिथे सुरू होतो. बीळ नाही, खाणं कुठे ते ठाऊक नाही, आसऱ्याच्या जागा आधीच दुसऱ्या उंदरांच्या. अशी सोडलेली जनावरं पुष्कळदा फार दिवस काढत नाहीत. पिल्लं असलेली मादी असेल तर मागे बिळात ती पिल्लं उपाशी मरतात. आणि अन्न तसंच उघडं असेल तर रिकाम्या जागी दुसरे उंदीर येतात. म्हणून आधी अन्न बंद करा: कंपोस्टला घट्ट झाकण, पक्ष्यांसाठी ठेवलेले दाणे संध्याकाळी आत, पडलेली फळं रोज उचलायची. मग फटी. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो, तेव्हा त्या धातूच्या जाळीनं बुजवा. एवढं करूनही मारायची वेळ आलीच, तर मजबूत स्प्रिंगचा, मानेवर बसणारा सापळा, तोही खोक्यात, म्हणजे खार किंवा पक्षी सापडणार नाही. रोज तपासायचा. रक्त पातळ करणाऱ्या विषानं उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन कित्येक दिवसांनी मरतो आणि तो खाणारं घुबडही गोत्यात येतं. चिकटपट्टी तर कधीच नको. तिच्यावर जनावर तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस जिवंत खिळून राहतं. इंग्लंडनं त्यासाठी २०२२ मध्ये कायदाच केला आणि २०२४ पासून सामान्य माणसाला ती वापरायला बंदी आहे.

आता तुमचा गुलाब. वर्षातला बराच काळ माव्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्लं देतात, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते. म्हणून कळी एका आठवड्यात भरलेली दिसते. नत्राचं खत भरपूर दिलं असेल तर ते थांबवा, त्यानं फुटणारी लुसलुशीत पालवी माव्याला फार आवडते. सकाळी पाण्याची जोरदार धार कळ्यांवर आणि पानांच्या खालच्या बाजूला मारा. खाली पडलेल्यांपैकी फारच थोडे परत वर चढू शकतात. तीनचार दिवस हे करा. फारच भरलेला एखादा शेंडा असेल तर सरळ छाटून टाका. मरतील ते मरतील, मी त्याला दुसरं नाव देणार नाही. धार मारण्याआधी पानं उलटून ती तपकिरी टरफलं दिसतात का बघा. दिसली तर तेवढी फांदी तशीच ठेवा, त्यातून बाहेर पडणाऱ्या गांधीलमाश्या पुढचं काम करतात. इतक्यानंही भागलं नाही तर झाडांसाठीचा साबण, फक्त माव्याच्या पुंजक्यावर, संध्याकाळी. भांडी घासायचा नको, पानं करपतात.

आणि एक कळवा: कळ्यांवर मुंग्यांची ये-जा आहे का? माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मुंग्या असतील तर आधी बुंध्याला कागद गुंडाळून त्यावर चिकट पट्टा लावावा लागेल (हा मुंग्यांची वाट अडवण्यापुरता, उंदराच्या चिकटपट्टीशी त्याची गल्लत नको). भिंतीला किंवा शेजारच्या कुंडीला टेकलेली फांदीही सोडवावी लागेल, नाहीतर त्या तिथून चढतील. बुंध्याचा आणि कळीचा फोटो टाकलात तर नेमकं सांगता येईल.