गांडुळावरची चाचणी पुरेशी नाही

वावडिंग या औषधी फळाच्या अर्काने गांडुळे मेली, म्हणून तो पोटातल्या जंतांवर गुणकारी ठरला, हा वावडिंगावरील तुमच्या लेखातील निष्कर्ष मला घाईचा वाटतो. कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्र शिकताना हीच चाचणी मी केली आहे: पंचगंगेकाठच्या उसाच्या ओल्या मातीतून आणलेली गांडुळे काचेच्या बशीत सोडायची, अल्बेंडाझोल या नेहमीच्या जंतनाशक औषधाशी तुलना करत ती किती मिनिटांत लुळी पडतात ते मोजायचे आणि मेल्याची खात्री करायला पन्नास अंशांच्या कोमट पाण्यात बुडवायची. परंतु गांडूळ मोकळ्या मातीत जगणारा वलयांकित प्राणी आहे, तर पोटातला गोल जंत वेगळ्याच संघातला, चिवट आवरणाचा आणि आतड्यात राहणारा. खरी कसोटी म्हणजे औषधापूर्वी व नंतर रुग्णाच्या विष्ठेतील जंतांची अंडी मोजणे.

दुसरे असे की, बाजारात वावडिंग म्हणून त्याच कुळातील दुसऱ्या जातीची फळेही सर्रास विकली जातात, त्यामुळे वनस्पतीची ओळख आणि तिच्या फळातील एम्बेलिन या प्रमुख रसायनाचे प्रमाण आधी तपासायला हवे. माझ्या आजीने आम्हा सर्व भावंडांना वावडिंगाचे पाणी पाजले. त्या परंपरेविषयी आदर आहे, म्हणूनच तिची नीट तपासणी व्हावी असे मनापासून वाटते. तोवर शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी पालकांनी टाळू नये.