पिळू नये

ऑक्टोबरातल्या एका रविवारी, इंग्लंडात रेडिंगला लेकीकडे मुक्कामाला असताना, शेजारच्या ऐंशीच्या बाई दारात आल्या आणि माझ्या हातात एक जड पिशवी ठेवून गेल्या. "क्विन्स. जेली करा," एवढंच म्हणाल्या. बँकेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. या चार वर्षांत "करा" असं म्हणून विश्वासाने काही सोपवणाऱ्या त्या पहिल्याच. मी भारावून गेलो.

पिशवीत पिवळीधमक फळं होती. दिसायला पेरू आणि नासपती यांच्यामधली, अंगावर करडी लव. वास मात्र असा की संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरून जावईबापू कसला वास म्हणून विचारत खाली आले. पेरू असल्यासारखा मी एक फळ घेऊन कचकन चावलो. कच्चं केळं, बिब्बा आणि सुपारी एकदम तोंडात टाकल्यासारखं झालं. पुढची दहा मिनिटं मला बोलता येत नव्हतं. ही म्हणाली, "बरं फळ आहे."

मग तिने चावलेला तुकडा उलटा करून आतल्या बिया बघितल्या. "अहो, हे बिहीदाणे! काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात ते. खोकला झाला की आई पाण्यात भिजवायची, सब्जासारखे बुळबुळीत व्हायचे." तर हे बिहीचं फळ. साठ वर्षं फक्त बिया भेटल्या, फळाची गाठ आत्ता पडली.

जेलीची कृती वाचायला फार सोपी आहे. फळं धुऊन लव काढा, साल आणि बिया यांच्यासकट चिरा (घट्टपणा आणणारं पेक्टिन तिथेच असतं), बुडतील एवढं पाणी घालून मऊ होईपर्यंत मंद आचेवर शिजवा, फडक्यात बांधून रात्रभर टांगा, गळलेल्या रसात साखर घालून उकळा. यातलं "चिरा" हे क्रियापद ज्याने लिहिलं त्याने क्विन्स पाहिलेलं नसावं. सुरी निम्म्यात जाऊन रुतली. मी सुरी उचलली, फळही उचललं गेलं. मी सुरीसकट फळ ओट्यावर आपटलं. लेक ओरडली, "बाबा, तो दगड नाही!" तो दगड असता तर निदान फुटला असता.

"माझी विळी आणू दिली असतीत तर," ही सोफ्यावरून म्हणाली.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. निघताना सामान तेवीस किलोंत बसवताना मी तिच्या बॅगेतून विळी काढली होती. विळी घेऊन कुणी विलायतेला जातं का, असं वर विचारलंही होतं. ती एक शब्द बोलली नाही. मी जिंकलो असं मला वाटलं. विळीच्या रिकाम्या जागेत तिने काय भरलं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

दोन तास फळं शिजली. फिकट पिवळा गर हळूहळू गुलाबी झाला. जे तुरट द्रव्य माझ्या जिभेवर उठलं होतं, तेच शिजून रंग देतं म्हणे. मग मी ते सगळं लेकीच्या जुन्या सुती ओढणीत बांधलं आणि चक्क्यासारखं सिंकवरच्या नळाला टांगलं. खाली पातेलं ठेवलं. कृतीत पुढे ठळक अक्षरांत होतं: पिळू नये. पिळल्यास जेली गढूळ होते.

आता ही सूचना ज्या घरात चक्क्यावर वरवंटा ठेवतात, तिथल्या माणसाला द्यायची? लिंबाचं साल दोनदा पिळून मग त्याने तांब्या घासायचा, हे बघत आम्ही वाढलो. रात्री झोप येईना. टिप... टिप... फोनवर वाचत पडलो. क्विन्सला पोर्तुगीजांत मार्मेलो म्हणतात, त्याच्या घट्ट गोड पाकाला मार्मेलाडा, आणि मार्मालेड हा शब्द त्यातूनच आला. गोव्यात मिळणारी पेरूची वडी, ती पेराड, त्याच घराण्यातली. हे सांगायला मी हिला हलवलं. "सकाळी सांगा," ती म्हणाली. सकाळी विचारलं नाही.

दोन वाजता मी खाली गेलो. पातेल्यात बोटभर रस. गाठोडं भरगच्च, लुसलुशीत, माझ्याकडे बघत लोंबत होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पिळलं. एकदाच. बरं, तीनदा.

सकाळी रस भरपूर होता आणि ताकासारखा गढूळ होता. शेजारच्या बाईंनी प्रमाण सांगितलं होतं, एका पिंटाला एक पौंड साखर. मी फोनवर मिलिलिटर आणि ग्रॅम यांचा हिशोब मांडला. हिने नुसतं ऐकून सांगितलं, "वाटीला वाटी, जरा कमीच." गणित करून पाहिलं तर तेवढंच आलं.

साखर विरघळवून मी मोठी आच केली आणि थर्मामीटर सोडला. १०५ अंशांना जेली होते. बघता बघता १०५ झाले. मी गॅस बंद केला. हिने पळी वर धरून थेंब पाहिला. "तार नाही आली अजून."

"यंत्र १०५ दाखवतंय."

"यंत्राचं टोक पातेल्याच्या बुडाला टेकलंय."

टेकलं होतं. पण तोपर्यंत मी सात बरण्या भरून, झाकणं लावून, तारखेच्या चिठ्ठ्याही चिकटवल्या होत्या. कारकुनी अंगात भिनलेली. आता उघडून परत उकळायचं म्हणजे सात नोंदी खोडायच्या. ते आमच्याकडून होत नाही.

मी बरण्या तिरक्या करून बघत बसलो असताना हिने कचऱ्याकडे निघालेलं गाठोडं माझ्या हातातून काढून घेतलं. वर गेली आणि बॅगेतून पुरणयंत्र घेऊन आली. पुरणयंत्र! विळीच्या जागेत! गर फिरवून साली आणि बिया वर राहिल्या, खाली लालसर लगदा. तेवढीच साखर, सतत ढवळणं, कडा सोडल्यावर तूप लावलेल्या ताटात थापणं, शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या.

संध्याकाळी शेजारच्या बाईंना ताटली नेऊन दिली. एक वडी तोंडात घालून त्या खुर्चीत बसल्याच. "क्विन्स चीज! माझी आई करायची." मी त्यांना मार्मेलोचा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्यांनी दुसरी वडी घेतली आणि हिला विचारलं, ते फिरवायचं यंत्र कुठे मिळतं?

माझ्या सात बरण्यांचंही चीज झालं. नोव्हेंबरात सगळं घर खोकत होतं, तेव्हा ही गरम पाण्यात दोन-दोन चमचे घालून देत होती. जावईबापूंनी औषध कुठलं म्हणून विचारलं. "यांनी केलंय," ती म्हणाली. थोडा अभिमान होता आवाजात, असं मला वाटलं.

आठवड्याभराने शेजारच्या बाई आणखी दोन पिशव्या घेऊन आल्या. मी बाह्या वर करत दाराकडे निघालो. "ओट्यावर ठेवा," ही आतून म्हणाली, "आणि तुम्ही जरा फिरून या."

बाहेर पाऊस होता. मी छत्री घेतली.