राहतो म्हणजे नक्की कुठे राहतो

जर्मनीत एक सेमिस्टर काढून आलो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, काय काय बघितलंस? खरं सांगितलं तर कुणाला पटत नाही. मी मुख्यतः एक सरकारी ऑफिस बघितलं. शहराचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाईंकडे माझी फाईल अजून असणार आणि त्या फाईल टाकून देणाऱ्यातल्या काही वाटल्या नाहीत.

तर झालं असं की सप्टेंबरच्या शेवटी मी दोन बॅगा घेऊन उतरलो. तिकडचा विंटर सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतो पण लेक्चर्स चालू व्हायला महिन्याचा मध्य उजाडतो, म्हणजे मधले दोन आठवडे आपले, गाव भटकायचं, फोटो टाकायचे, असा माझा बेत. त्या दोन आठवड्यांवर तिथल्या कायद्याचा आधीच डोळा होता. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ऑफिसात जाऊन 'मी इथे राहतो' अशी नोंद करायची, तिला अनमेल्डुंग म्हणतात. नाही केली तर दंड, तोसुद्धा १००० युरोपर्यंत होऊ शकतो. म्हटलं, राहतो तर राहतो, सांगायला काय जातंय.

पण नुसतं सांगून भागत नाही ना. घरमालकाची चिठ्ठी लागते की होय, हा इसम माझ्याकडे राहतो. घरमालक म्हणाला देतो की चिठ्ठी, आधी डिपॉझिट दे. बरोबरच आहे त्याचं. पैसे माझ्याकडे होते, फक्त ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये होते. हे प्रकरण असं, की व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो या हिशोबाने सगळी रक्कम आधीच एका खात्यात भरून ठेवायची आणि मग आपलेच पैसे आपल्याला दर महिन्याला खाऊला दिल्यासारखे मिळणार. मिळणार कुठे, तर तिथल्या साध्या बँक खात्यात. गेलो बँकेत. काउंटरवरचा मुलगा इतकं गोड हसला की मला वाटलं झालंच काम, आणि मग म्हणाला, अनमेल्डुंगचा कागद आणलाय ना?

रात्री वहीत काढून बघितलं. चिठ्ठीला डिपॉझिट, डिपॉझिटला बँक, बँकेला नोंद, नोंदीला चिठ्ठी. चार बाण, एकमेकांची शेपटी धरलेले. मधे जागा उरली तिथे मी एक छोटा माणूस काढला, बॅगांसकट.

त्या काळात मला बाटल्यांनी जगवलं. तिथे प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, फांड म्हणतात त्याला, आणि रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला भरवली की ती गरागरा फिरवून वास घेतल्यासारखं करते आणि शेवटी पावती देते. फ्लॅटमधली बाकी तिघं आळशी होती, बाटल्या किचनच्या कोपऱ्यात साठायच्या, मी म्हटलं मी टाकून येतो रे, किती चांगला मुलगा असं झालं. तेरा बाटल्या, ३ युरो २५ सेंट, परदेशातली पहिली कमाई. बिअरच्या काचेच्या बाटलीला मात्र फक्त ८ सेंट, तरी वजन तिचंच जास्त, हा अन्याय मला अजून पटलेला नाही. एकदा रविवारी पिशवी भरून निघालो तर दुकानं बंद, रविवारी बंदच असतात, मग म्हटलं निदान लोणच्याबिणच्याच्या रिकाम्या काचा तरी कोपऱ्यावरच्या कंटेनरमध्ये टाकू, तर एका आजोबांनी खिडकीतून असं बघितलं की मी ती पिशवी परत घरी आणली. रविवारी काच फोडायची नसते, आवाज होतो. पांढरी, तपकिरी, हिरवी वेगवेगळी टाकायची असते हे नंतर कळलं, म्हणजे आजोबांना दोन कारणं होती.

शेवटी फ्लॅटमधल्या एकाने डिपॉझिटचे पैसे उसने दिले (बाटल्यांचं त्याला माहीत असावं) आणि चिठ्ठी मिळाली. अपॉइंटमेंट मिळाली तीन आठवड्यांनंतरची. दोन आठवड्यांची मुदत, तीन आठवड्यांनंतरची तारीख, यावर मी कुणाशी वाद घातला नाही, शिकत होतो. माझा नंबर होता ८७. बोर्ड बंद, आतून बाई आवाज देत होत्या. झीबेन उंड आख्त्सिश! मला सात ऐकू आलं, मग आठ ऐकू आलं, म्हटलं ७८, अजून वेळ आहे. आता आपण स्वतः आयुष्यभर सत्त्याऐंशी म्हणताना सात आधी म्हणत आलोय, एकवीस म्हणताना एक आधी म्हणत आलोय, जगात हे जर्मन समजायची जन्मजात सोय असलेली आपण माणसं, आणि ऐनवेळी डोकं इंग्रजीत गेलं. तिसऱ्या हाकेला बाई स्वतः बाहेर आल्या.

कागद मिळाला. आणि मग पत्रं यायला लागली, म्हणजे यायला हवी होती. बँकेचं पिनचं पत्र दोनदा परत गेलं कारण लेटरबॉक्सवर माझं नाव नव्हतं. पत्ता बरोबर, घर बरोबर, मी आत बसलेलो, पण पेटीवर नाव नाही म्हणजे तुम्ही नाही. नाव चिकटवल्यावर मात्र धो धो. टॅक्सचा अकरा आकडी नंबर आला, कमाई बाटल्यांचीच असताना. मग रेडिओ-टीव्हीची फी, महिन्याला १८.३६ युरो. आमच्याकडे टीव्ही नाही म्हटलं तर फ्लॅटमेट म्हणाला, फी टीव्हीची नाही, घराची आहे. भागिले चार, ४.५९. त्याने एक्सेल शीट केली होती.

अभ्यासाचं विचाराल तर पहिल्या लेक्चरला टाइमटेबलात '१० सी.टी.' लिहिलेलं, मी दहाला पाच कमी असताना हजर. रिकामा हॉल. दहा वाजून पाच मिनिटांनी घाबरून दुसरा हॉल शोधायला निघालो आणि सगळी बिल्डिंग पालथी घालून वीस मिनिटांनी परत त्याच हॉलमध्ये, तर लेक्चर चालू. सी.टी. म्हणजे सव्वा, हे लॅटिन भानगडीतलं आहे. शेवटी सगळे बाकं ठोकायला लागले, मला वाटलं माझ्या उशिरा येण्याचा निषेध, तर त्या टाळ्या होत्या.

रिझल्टला एका विषयात ४.० मिळाले. तिथे १.० सगळ्यात भारी आणि ५.० म्हणजे नापास. आईला फोनवर सांगितलं, पाचपर्यंत असतात, मला चार पडले. ती म्हणाली, अरे वा, पाचपैकी चार! मी म्हटलं, हो ना.

मार्च आला. जाताना 'मी आता इथे राहत नाही' हीपण नोंद असते, अबमेल्डुंग, निघायच्या फार तर आठवडाभर आधी करता येते. बाई त्याच. यावेळी पहिल्या हाकेला उठलो, बाई किंचित हसल्या असं मला वाटलं, खात्री नाही. कागद घेऊन घरमालकाकडे गेलो, डिपॉझिट परत द्या म्हटलं. देतो की, म्हणाला, सगळा हिशोब झाला की दोन-तीन महिन्यांनी, पण इथल्याच बँक खात्यात. बँकेत गेलो, तोच गोड मुलगा. तुम्ही आता इथे राहत नाही ना, म्हणाला, मग खातं बंद करावं लागेल.

घरी येऊन वही काढली. चित्र तयारच होतं, फक्त बाणांची टोकं उलटी करायची होती.